दोन पानांची बाई

"मान सोडू नकोस. काही झालं तरी मान सोडू नकोस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्याच क्षणी कुत्र्याने तिच्या मनगटात दात रुतवले.

तिने मान सोडली नाही. काळं, दांडगं कुत्रं होतं. दुसऱ्या कुत्र्याशी झालेल्या मारामारीत त्याचा कान मुळापासून फाटला होता आणि तोंडाला बांधलेलं कापडी मुसकं झटापटीत नाकावरून घसरलं होतं. भुलीचं इंजेक्शन चढायला अजून अवकाश होता आणि रक्ताची धार तोवर थांबणारी नव्हती. ती टेबलावर ओणवी झाली, छातीचं सगळं वजन तिने कुत्र्याच्या खांद्यावर टाकलं, आणि चावलेला हात मागे न ओढता उलट आत रेटला. मागे ओढला की मांस फाटतं. आत रेटला की जबडा सैल पडतो. हे तिला दवाखान्यात कुणी शिकवलं नव्हतं. ती शिकूनच आली होती.

"लागलं का गं?"

"हात जागेवर आहे. तुम्ही चिमटा लावा."

डॉक्टरीणबाईंनी चिमटा लावला. ती कुत्र्याच्या शाबूत कानाशी तोंड नेऊन गुणगुणू लागली. शब्द नव्हते, नुसती चाल. हळूहळू कुत्र्याच्या डोळ्यांतलं पांढरं कमी झालं आणि जीभ बाहेर लोंबली.

"हे बाटलीत भरून विकलं असतंस ना," टाके घालता घालता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तर भूल बनवणाऱ्या कंपन्या बुडाल्या असत्या. जा, हात धू. माझ्या टेबलावर तुझं रक्त नको, त्याचंच पुष्कळ झालंय."

जनावरांच्या या दवाखान्यात तिचं काम एकच, धरायचं. चावणारं, ओरबाडणारं, लाथा झाडणारं जे येईल ते धरायचं. म्हणून सगळे तिला धरणारी म्हणत. अगदीच हाताबाहेर गेलेल्या जनावरासाठी दाराजवळच्या खुंटीवर फासाची काठी टांगलेली असे. पुरुषभर लांब नळी, टोकाला जाड तारेचा फास, मुठीपाशी दातेरी खटका. तार ओढली की फास एकेक दात, एकेक खटका आवळत जातो आणि खटका दाबल्याशिवाय सैल होत नाही. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी काठी तिच्या हातात देऊन बजावलं होतं, "मागे सरायचं नाही. आणि हे लक्षात ठेव, फास धरायला असतो, मारायला नाही. शेवटचा खटका ज्याचा त्याने सांभाळायचा."

दुपारी दवाखाना बंद झाला की डॉक्टरीणबाई आतल्या खोलीत आडव्या होत. मग ती पुढच्या टेबलावरचा संगणक उघडी. शाळा सुटून तिची मुलगी ठकी येईपर्यंतचा तेवढाच वेळ तिचा स्वतःचा. त्या वेळात ती धरणारी नसे, रफूवाली असे.

इंटरनेटवर गाण्यांचा एक मोठा संग्रह आहे. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. लोकच त्यात गायकांची, वादकांची पानं भरतात, लोकच चुका दुरुस्त करतात. आणि दहा हात लागले की घोळ होणारच. एकाच गायकाची दोन-दोन, तीन-तीन पानं तयार होतात. कुणी आडनावासकट लिहिलेलं असतं, कुणी आडनावाशिवाय. कुणाला लग्नाआधीचं नाव ठाऊक असतं, कुणाला नंतरचं. अशी जुळी पानं शोधून ती एकच आहेत हे सिद्ध करायचं आणि एकात एक मिसळून टाकायची, हे रफूवालीचं काम. तिने केलेला जोड दिसत नाही असं लोक म्हणत, त्यावरूनच नाव पडलं होतं.

ती आवाजावर जात नसे. आवाज वयाने बदलतो, माइकने बदलतो, सर्दीनेसुद्धा बदलतो. ती श्वासावर जात असे. ओळ उचलण्याआधी माणूस श्वास कुठे घेतो, किती घेतो, कुठे चोरतो, ते मरेपर्यंत तसंच राहतं. ही युक्ती तिने तिथल्या कितीतरी जणांना शिकवली होती. तिच्या शब्दाला तिथे वजन होतं, आणि ते वजन तिने वर्षानुवर्षं दाणा दाणा करून साठवलं होतं. का, ते कुणाला माहीत नव्हतं.

संग्रहात अशी दोन पानं होती, जी एकाच बाईची होती, आणि ती कधीही जोडली जाऊ नयेत म्हणून ती तिथे बसली होती. दोन्ही पानं तिचीच.

पहिल्या पानावर नवऱ्याचं आडनाव होतं. नवरा ड्रमर. वाद्यवृंद त्याचा, गाणी त्याने निवडलेली, गायिका त्याची. कार्यक्रम संपला, टाळ्या वाजल्या, रंगपटाचं दार लागलं की हिशेब सुरू होई. "दुसऱ्या कडव्यात श्वास कुठे घेतलास? मी कुठे घे म्हटलं होतं?" आधी बोटांच्या पेरांवर मारी, ड्रमच्या काठीने, तालात. मग काठी खाली ठेवी. ठकी सहा महिन्यांची असताना त्याने तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. जबडा दोन ठिकाणी मोडला. इस्पितळात त्याने गाडीच्या अपघाताचं सांगितलं, आणि तिने मान हलवली. दातांना तारा बांधलेल्या. दुसरं करणार तरी काय. जबडा जुळला, पण जरा वाकडा. तेव्हापासून तिचा 'स' शिट्टीसारखा वाजू लागला. तारा निघाल्या त्याच आठवड्यात ती पोर कडेवर घेऊन बाहेर पडली.

या दवाखान्यात ती आली ते दोन गावं बदलून. डॉक्टरीणबाईंनी तिची हनुवटी दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे फिरवली होती. "कुणी बसवलाय हा? वाकडा बसवलाय," एवढंच म्हणाल्या. बाकी काही विचारलं नाही. उद्यापासून ये म्हणाल्या.

दुसरं पान मांजरामुळे झालं. शस्त्रक्रियेनंतर भूल उतरताना जनावरं कण्हत, तेव्हा ती त्यांना गाऊन निजवी. एका मांजराचा मालक ध्वनिमुद्रण करणारा निघाला. तो हट्टालाच पेटला. आईने लहानपणी हाक मारायला ठेवलेलं नुसतं घरचं नाव लावून तिने पाच अंगाई रेकॉर्ड केल्या. वेष्टनावर तीन पायांच्या एका कुत्र्याचा फोटो होता, आणि खाली आभार: डॉक्टरीणबाई, आणि दवाखान्यातले सगळे चारपायी व तीनपायी. दवाखान्याचं नाव होतं. ते छापून आलं, म्हणजे पत्ताच छापून आला. पुढे कुणीतरी हौसेने ती रेकॉर्ड संग्रहात चढवली. खरी असलेली गोष्ट तिथून काढता येत नाही. राखण करता येते. म्हणून रफूवाली झाली.

त्या शनिवारी चावलेल्या हाताला पट्टी बांधून ती संगणकापाशी बसली, आणि पहिलाच प्रस्ताव तिच्याच दोन पानांचा निघाला.

प्रस्ताव कानसेनचा होता. खरं नाव कुणास ठाऊक, पण पूर्वी चष्म्यांचं दुकान चालवून आता घरी बसलेले गृहस्थ होते, असं ते स्वतःच सांगत. श्वास ऐकायला तिनेच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी लिहिलं होतं: "या दोन गायिका एकच आहेत. दोन्हीकडे लांब ओळ दोन श्वासांत तोडली आहे, आणि दुसरा श्वास शब्दाच्या मध्ये आहे, जिथे कुणी घेत नाही. नवं पान जुन्यात मिसळावं. ही पद्धत मला शिकवणाऱ्या रफूताईंना हा शोध अर्पण."

खाली एक होकार पडलेलाही होता. कानसेनचा धरून दोन. तीन झाले की, मध्ये नकार असला तरी, जोड पक्का, आणि एकदा जोडलेलं पुन्हा उकलता येत नाही.

पण खरा धोका मतांचा नव्हता. एखाद्याला एखादं पान आवडलं तर तो त्याला पाळतीवर ठेवू शकतो. मग त्या पानाबद्दलचे सगळे प्रस्ताव दर सोमवारी त्याला पत्राने कळतात. जुन्या पानावर पाळत ठेवणारा एकच माणूस होता. वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांच्या तारखा त्यानेच त्यात भरल्या होत्या. प्रस्ताव सोमवारच्या आत मागे घेतला गेला, तर पत्रात येणार नव्हता.

तिने नकार दिला आणि कारण लिहिलं: "श्वासाची सवय दोघींची एक असू शकते. पण पहिलीचा 'स' स्वच्छ आहे. दुसरीचा शिट्टीसारखा, जबड्याच्या ठेवणीमुळे. ठेवण गाता गाता बदलत नाही. व्यक्ती वेगळ्या." तिच्या हातून संग्रहात उतरलेलं ते पहिलं खोटं. तरी युक्तिवाद म्हणून ते बिनचूक होतं, आणि तिला त्याचीच लाज वाटली.

मग तिने कानसेनना खासगीत लिहिलं, "काका, हा प्रस्ताव उद्यापर्यंत मागे घ्या. कारण विचारू नका."

उत्तर लगेच आलं. "रफूताई, राग मानू नका. तुमच्या नजरेतून सुटलेलं एक मला सापडलं, एवढंच ना? गुरूला शिष्याचं कौतुक वाटायला हवं हो."

तिने लिहिलं: ती बाई मी आहे. तो मला मारतो. आणि ते वाक्य पडद्यावर कितीतरी वेळ तसंच राहिलं. पलीकडे कोण होतं? चष्मेवाला म्हणवणारा कुणीही. आजवर ते वाक्य तिने कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःच्या आईलासुद्धा नाही. पडद्यावर ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं दिसत होतं. तिने एकेक अक्षर पुसलं आणि लिहिलं, "कौतुक आहेच. तरी मागे घ्या."

त्यांनी मागे घेतला नाही. त्या दिवशी ठकी शाळेतून आली ती पुढचा दात मुठीत घेऊन. "आई, बघ ना. आता माझा पण स तुझ्यासारखा येतो," म्हणाली, आणि "ससा, ससा" करत दवाखानाभर फिरली. आतून डॉक्टरीणबाई ओरडल्या, "अगं बस कर, इथं खरे ससे आहेत, ते घाबरतायत."

मंगळवारी तिसरा होकार आला. अगदी सभ्य भाषेत.

"मी या गायिकेचा नवरा आणि तिच्या वाद्यवृंदाचा ड्रमर. वर मांडलेल्या शंकेचं उत्तर देतो. अपघातात जबडा मोडल्यानंतर तिचा 'स' असाच येऊ लागला. घरात मी तो रोज ऐकत होतो. आणि शब्दाच्या मधला श्वास ही तिची जुनी खोड आहे. व्यक्ती एकच. माझा होकार."

खाली कानसेनने लिहिलं होतं, "वा! थेट घरातूनच पुरावा मिळाला. आभारी आहे, साहेब."

नवं पान नाहीसं झालं होतं. तिच्या आईने ठेवलेलं नाव कुठेच नव्हतं. पाच अंगाई त्याच्या आडनावाखाली जाऊन बसल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंना तिने त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. बाई तिला घेऊन पोलीस चौकीत गेल्या. तिथल्या हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं. "अजून तसं काही झालं नाही ना? झालं की या."

"झाल्यावर ही कशी येईल?" बाईंनी विचारलं. "स्ट्रेचरवर?"

"बाई, तुम्ही उगाच त्रास करून घेताय."

घरी येऊन तिने पलंगाखालची बॅग ओढली. दोन गावं अशीच सोडली होती. तिचे, ठकीचे कपडे, शाळेची वही, केसांची रिबीन. ठकी दाराशी उभी राहून बघत होती. तिने एकच विचारलं, "आई, आता माझं नाव काय ठेवायचं?"

मागल्या गावी बालवाडीत तिचं नाव बदललं होतं. पोर कित्येक दिवस हाक मारली तरी वळून बघत नसे.

ती बॅगेपाशी तशीच बसून राहिली. मग एकेक कपडा काढून पुन्हा घडी घालून फळीवर ठेवला. "तुझं आहे तेच," ती म्हणाली. "जा, दात घास. आहेत तेवढे."

तो शुक्रवारी आला. दुपारी, दवाखाना बंद असताना. काचेच्या दारावर बोटं वाजली: चार ठोके, आणि मग एक उलटा, ड्रमवर तो नेहमी द्यायचा तसे. पाठमोरी असूनही तिने ते हात ओळखले. आत डॉक्टरीणबाईंनी एका मांजरीचं पोट उघडलं होतं, अशा वेळी त्यांना हात काढता येत नसत. मांजरीला मघाशीच आत न्यायच्या गडबडीत बाहेरचं दार नुसतं लोटलेलं राहिलं होतं.

तो आत आला आणि त्याने कडी लावली. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. केस थोडे विरळ झाले होते.

"काय गं. अंगाने भरलीस."

तिने आतल्या बंद दाराकडे पाहिलं.

"रफूवाली तूच ना? जबड्याची ठेवण म्हणे." तो हसला. "वाचतानाच ओळखलं. तुझ्याशिवाय इतकं बारीक खोटं कुणाला जमणार? पोरगी कुठंय?"

"नाहीये इथे."

"येईल. शाळा सुटते आता. विचारून आलोय मी." तो खुर्ची ओढून बसला. "तोवर गा. त्या रेकॉर्डमधलं पहिलं. बघू दे, श्वास कुठे घेतेस ते."

तिला वाटलं होतं, इतक्या वर्षांत आपण बदललो. कुत्री धरली, डुकरं धरली, एकदा बैलाने भिंतीशी चेपलं तेव्हाही ओरडलो नाही. पण त्याने "गा" म्हटलं आणि तिचं तोंड आपोआप उघडलं. ती गाऊ लागली. पहिली ओळ गेली. दुसरी लांब होती. शब्दाच्या मध्ये, तिच्या नेहमीच्या जागी, तिने श्वास घेतला.

त्याने बसल्या जागेवरून लाथ मारली. तिचा गुडघा मुडपला. उठायच्या आत त्याने केस धरले आणि तिचं डोकं औषधांच्या कपाटावर आपटलं. काच फुटली. एक बाटली तिच्या खांद्यावर फुटून डोळ्यांत झणझणीत काहीतरी गेलं. "पुन्हा," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "दुसऱ्या ओळीपासून." त्याने मूठ वळून तिच्या जबड्यावर मारली, डाव्या बाजूला, जुन्याच जागी. हाड मोडल्याचा आवाज तिला कानांत नाही, आतून ऐकू आला. ओळखीचा होता. तोंडात रक्त भरलं आणि त्यात एक दात सुटा फिरू लागला.

"बाहेर काय चाललंय?" डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "अगं ए!"

त्याने तिचा गळा धरला आणि तिला दाराजवळच्या भिंतीशी रेटलं. ती मागे ओढत होती, आणि मागे ओढलं की त्याची पकड घट्ट होत होती. मनगटावरची कुत्र्याच्या दातांची जखम उघडून पट्टी लाल झाली होती. ते मनगट तिच्या डोळ्यांसमोर होतं, त्याच्या हाताशी झगडणारं. मागे नाही. आत.

तिने मागे ओढणं सोडलं आणि सगळं अंग त्याच्यावर टाकलं. आपलं डोकं त्याच्या तोंडावर हाणलं. त्याचं नाक फुटलं. पकड सुटली, तो दोन पावलं अडखळला, आणि तेवढ्यात तिचा हात वर खुंटीकडे गेला. काठी खाली आली ती जणू तिच्याच हाताचं लांबलेलं हाड होऊन. तो शिवी घालत धावून आला. डोळ्यांत बघायचं नाही, कडेने जायचं. तिने फास त्याच्या डोक्यावरून उतरवला आणि तार ओढली.

तो थबकला. हात गळ्याकडे गेले. मग त्याने झेप घेतली, पण काठी पुरुषभर लांब होती, आणि काठीच्या पलीकडून त्याला तिच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. त्याने लाथा झाडल्या, खुर्ची उडवली, फुटलेली काच पायाखाली करकरली. तिने मूठ पोटाशी घेऊन त्याला भिंतीशी नेलं, कोपऱ्यात, जसं नेतात तसं. तार आणखी ओढली. एक खटका. आणखी एक. त्याच्या घशातून घरघर येऊ लागली. चेहरा लाल झाला, मग जांभळा. डोळ्यांतलं पांढरं दिसू लागलं.

आणखी एकच खटका उरला होता.

तिला काही ऐकू येत नव्हतं. रंगपट, टेबलाची कड, बोटांची पेरं, तारा बांधलेल्या तोंडाने हलवलेली मान, पाच गाण्यांच्या डोक्यावर चढून बसलेलं आडनाव, सगळं त्या एका खटक्यात मावलं असतं. तिचा अंगठा तारेवर होता.

काचेवर टकटक झाली. लहान बोटांची, बेताल.

ठकी दाराबाहेर उभी होती. पाठीवर दप्तर, तोंड काचेला लावलेलं, श्वासाने काचेवर धुकं झालेलं. ती रडत नव्हती. आई जनावर धरते तेव्हा आवाज करायचा नाही, हे तिला शिकवलेलं होतं. तिला वाटलं असावं, आई जनावरच धरते आहे.

आतलं दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत रक्ताळलेले, हातमोजे तसेच. त्यांनी एकदा खोलीकडे, एकदा काठीकडे, एकदा काचेबाहेर पाहिलं. जवळ आल्या नाहीत.

"धर," त्या हळू म्हणाल्या. "सोडू नकोस. फक्त धर."

तिने खटका दाबला. तार एक दात सैल झाली. त्याने घोट घोट हवा ओढली, भुंकल्यासारखी. तिने काठी तशीच रोखून धरली. तोंडातून रक्ताची लाळ गळत होती आणि ती पुसायला हात मोकळा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे ओढून काढले, चौकीला फोन लावला आणि म्हणाल्या, "झालंय. या आता." मग मागच्या दाराने जाऊन त्यांनी ठकीला शेजारच्या दुकानात बसवलं आणि परत येऊन मांजरीचं पोट शिवायला घेतलं.

पोलीस येईपर्यंत ती तशीच उभी होती. हवालदाराला तिच्या मुठीतून काठी सोडवावी लागली; बोटं उघडत नव्हती.

जबड्याला पुन्हा तारा बांधल्या. या वेळी इस्पितळात कसं झालं विचारलं तेव्हा तिने कागद मागवून घेतला आणि लिहून दिलं. तो कोठडीत होता, खटला उभा राहणार होता. डॉक्टरांनी सांगितलं, हाड जुळेल, पण एकाच जागी पुन्हा मोडलंय. बोलता येईल. गाण्याचं आत्ता काही सांगता येत नाही.

दवाखान्यात ती परत आली ती नुसती बसायला. डॉक्टरीणबाई तिला जनावराला हात लावू देईनात. कपाटाला नवी काच लागली होती. काठी खुंटीवर होती. टेबलावरचा संगणक उघडला तर कानसेनचं पत्र येऊन पडलं होतं. त्या दिवसापासून रफूताई दिसेनात, तेव्हा त्यांना शंका आली होती आणि रेकॉर्डच्या वेष्टनावरच्या नावावरून त्यांनी दवाखान्यात फोन केला होता, आणि डॉक्टरीणबाईंनी त्यांना काय काय ऐकवलं असेल ते पत्रातून दिसतच होतं.

"रफूताई, मी म्हातारा माणूस. चाळीस वर्षं लोकांना नीट दिसावं म्हणून भिंगं घासली. तुम्ही कारण विचारू नका म्हणालात तेव्हाच मला दिसायला हवं होतं. जोडलेलं उकलता येत नाही, मी सगळे नियम पाहिले. पण वरचं नाव बदलता येतं. तसा प्रस्ताव मी टाकला आहे. तुमच्या आईने ठेवलेलं नाव वर, आणि दुसरं खाली 'उर्फ' म्हणून. जो कुणी ते नाव शोधेल तो तुमच्याकडेच येऊन पोचेल. तुम्ही मत दिलं नाहीत तरी चालेल. मी लोकांच्या हातापाया पडेन."

खाली नऊ होकार पडले होते. नकार एकही नव्हता.

कारणाच्या चौकटीत तिने चावलेला हात वाचवत डाव्या हाताने, सावकाश, एकेक अक्षर लिहिलं: "व्यक्ती एकच. मी दिलेला नकार चुकीचा होता. 'स' बदलला कारण जबडा मोडला. अपघात नव्हता. ड्रमरने मोडला, दोनदा. माहितीचा स्रोत: मी स्वतः." एकदा वाचलं. एकही अक्षर पुसलं नाही. होकार दिला.

ठकी शाळेतून आली आणि दप्तर टाकून तिच्या मांडीवर चढली. हल्ली पेंग आली की ती दुपारची झोप दवाखान्यातच काढी. "गाणं म्हण ना," म्हणाली, आणि मग आठवून, "अगं हो, तुझं तोंड शिवलंय."

तिने पोरीला छातीशी घेतलं. दात मिटलेलेच ठेवून तिने चाल धरली. नाकातून, घशातून, जसा यायचा तसा आवाज आला, जाडाभरडा, तारांमध्ये थरथरणारा. जबड्यातून कळ गेली. लांब ओळ आली. मध्येच तिने श्वास घेतला.

ठकीने तिच्या गालावर हात ठेवला, आतला थरथराट बोटांना लागतो का ते बघत राहिली. "हा तर तिसराच आवाज झाला," ती झोपाळलेल्या आवाजात म्हणाली. "याचं वेगळं पान करायचं?"

तिने गुणगुणणं न थांबवता मान हलवली. नाही.